अकरा पाचची चिठ्ठी

डॉक्टरांच्या मते मास्तर गेले दहा चाळीसच्या सुमारास, आणि अकरा वाजून पाच मिनिटांनी त्यांचं प्रेशर अगदी उत्तम होतं. वरचं एकशेअठरा, खालचं शहात्तर, ठोके अडुसष्ट. तशी छापील चिठ्ठी होती. तिच्यावर तारीख होती, वेळ होती, मास्तरांचा कर्मचारी क्रमांक होता आणि तळाशी एक हसरा चेहरा होता. आकडे चांगले आले की मशीन तो चेहरा आपणहून छापायचं.

या चिठ्ठीनं दोन माणसांची झोप उडवली. एक मास्तरांची बायको. दुसरा थंडोबा.

थंडोबा हे त्याचं खरं नाव नव्हे, ऑफिसनं ठेवलेलं. डोक्यावर छत कोसळायला लागलं तरी हा आधी कपातला चहा संपवेल आणि मग वर बघेल, असं त्याच्याबद्दल बोललं जायचं. मास्तरही काही शाळेत शिकवायचे नाहीत. त्यांची फोनवर बोलायची पद्धत मास्तरांसारखी होती, एवढंच. दोघं एकाच खोलीत शेजारशेजारच्या खुर्च्यांवर बसायचे. ही खोली लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीची होती. शहरात कुठंही कुणी लिफ्टमध्ये अडकलं आणि आतलं लाल बटण दाबलं की त्याचा आवाज सहाव्या मजल्यावरच्या या खोलीत यायचा.

आठ खुर्च्या, आठ हेडफोन आणि समोरच्या भिंतीवर एक बोर्ड. कोण किती मिनिटं अडकलंय ते बोर्डावर दिसायचं. वीस मिनिटं झाली की आकडा लाल व्हायचा, आणि आकडा लाल झाला की साहेब आपल्या काचेच्या केबिनमधून बाहेर येऊन खुर्चीच्या मागे उभे राहायचे. बोलायचे काही नाहीत, नुसते उभे राहायचे. त्यापेक्षा चार शिव्या दिलेल्या परवडल्या असत्या. दुरुस्तीवाला रस्त्यातल्या गर्दीत अडकलेला, माणूस लिफ्टमध्ये अडकलेला, आणि मधल्या मध्ये खुर्चीतल्याच्या हातात फक्त बोलणं.

बोलावं ते मास्तरांनीच. आत कुणी रडत असो, दार बडवत असो, मास्तर आवाज न चढवता म्हणायचे, "माझ्याबरोबर मोजा. एक म्हणा, श्वास घ्या. दोन म्हणा, सोडा." वीसपर्यंत मोजून झालं की पुन्हा एकपासून. पाच-सात फेऱ्या झाल्या की आतला माणूस स्वतःहून सांगायचा की घरी गॅसवर दूध ठेवलंय, तेवढं शेजारणीला कळवाल का. दार उघडल्याचा आवाज आला की मास्तर हेडफोन काढून ठेवायचे आणि मागच्या जिन्यात जाऊन सिगारेट पेटवायचे. दिवसाला बारा फोन, बारा सिगारेटी. वाईट दिवशी पाकीट. लोकांचा श्वास ठिकाणावर आणायचा आणि मग जाऊन स्वतःचा जाळायचा, असा त्यांचा हिशेब होता.

मास्तरांच्या आधी त्याच खोलीतला एक जण खुर्चीतच कोसळला होता. तो वाचला, पण कंपनीला एकदम सगळ्यांच्या तब्येतीचा पुळका आला. आता पुळका आल्यावर फोन कमी होतील, खुर्च्या वाढतील, असं कुणाला वाटलं असेल तर तो भोळा. आलं काय, तर तळमजल्यावर एक मशीन आलं. कार्ड लावायचं, नळीत हात घालायचा, आतला पट्टा दंड आवळतो, सोडतो आणि चिठ्ठी बाहेर येते. दर महिन्याच्या दुसऱ्या सोमवारी प्रत्येकानं प्रेशर मोजायचं. वरचा आकडा दीडशेच्या पुढे गेला की फोन बंद, रवानगी तळघरातल्या स्टोअरमध्ये. तिथं सुटे भाग मोजत बसायचं.

पहिल्याच सोमवारी मास्तरांची चिठ्ठी आली ती एकशेचौऱ्याऐंशी, एकशेबारा. हसरा चेहरा अर्थातच नव्हता. मास्तर त्या कागदाकडे असे बघत राहिले, की जणू दुसऱ्याच कुणाचं पत्र चुकून त्यांच्या हातात पडलंय. मशीनची एक सोय होती. धावपळ करून आल्यामुळे आकडा चुकला असेल, तर दहा मिनिटांत पुन्हा मोजता यायचं आणि आधीचं मोजमाप रद्द व्हायचं.

"स्टोअरमध्ये जाऊन मी कुणाशी बोलू रे?" मास्तर म्हणाले. "स्प्रिंगांशी?"

थंडोबा रांगेत त्यांच्या मागेच होता. त्यानं काही फार विचार केला नाही. मास्तरांच्या हातातलं कार्ड घेतलं, मशीनला लावलं आणि नळीत स्वतःचा डावा हात घातला. पट्टा आवळला, सुटला. एकशेअठरा, शहात्तर. हसरा चेहरा. पहिली चिठ्ठी मास्तरांनी बारीक बारीक फाडून खिशात घातली.

"या महिन्यात सोडतो बघ सिगारेट," ते म्हणाले. "पुढच्या महिन्यात माझाच हात घालीन."

असे एकतीस महिने झाले. यात थंडोबा काही एकटा नव्हता. त्या इमारतीत असे चार-पाच धडधाकट हात होते आणि दुसऱ्या सोमवारी त्यांना फार मागणी असायची. कुणी कुणाला त्याबद्दल चहासुद्धा पाजायचं नाही, इतकी ती साधी गोष्ट झाली होती. खिशात पेन असेल तर आपण देतो, तसाच हात द्यायचा.

त्या शेवटच्या सोमवारी सकाळी एका लिफ्टमध्ये चौघं अडकले, त्यात एक दम्याची बाई. चोवीस मिनिटं लागली. आकडा लाल झाला, साहेब मागे येऊन उभे राहिले. मास्तर मोजत राहिले. बाई सुटली तेव्हा दहा छत्तीस झाले होते. मास्तरांनी हेडफोन काढला, शर्टाच्या खिशातलं कार्ड थंडोबासमोर ठेवलं आणि म्हणाले, "तू उरकून ये. मी दोन झुरके मारून येतो." त्यांच्या कपाळावर घाम होता. थंडोबानं तो बघितला आणि त्याला वाटलं, चोवीस मिनिटांनी कुणालाही येईल.

तो अकराला खाली गेला, आधी स्वतःचं उरकलं, मग अकरा पाचला मास्तरांचं. वर येऊन चिठ्ठी त्यांच्या कपाखाली सरकवली. सव्वाअकराला झाडझूड करणाऱ्या मावशी जिन्यातून धावत आल्या. मास्तर चौथ्या मजल्याच्या वळणावर भिंतीला टेकून बसले होते. बोटांत सिगारेट होती. ती पेटवलेली होती पण ओढलेली नव्हती. जागच्या जागी जळून तिची पूर्ण लांब राख झाली होती. साडेअकराला डॉक्टर आले. त्यांनी डोळे बघितले, मान बघितली आणि म्हणाले, पाऊण तास तरी झाला असेल, आता काही करण्यासारखं नाही.

थंडोबानं मनात उलटं मोजलं. त्यानं नळीत हात घातला, तेव्हा मास्तरांना जाऊन वीस-पंचवीस मिनिटं झाली होती. मेलेल्या माणसाच्या नावावर त्यानं अडुसष्ट ठोके जमा केले होते.

त्यानंतर सुरू झालं ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. रोज अकरा पाचला त्याचा डावा दंड आवळायचा. बाही वर करून बघावं तर काही नाही. पण आवळायचा, आणि मशीनचा पट्टा जसा ऐन वेळी सोडतो तसा सोडायचा नाही, दोन-दोन मिनिटं धरून ठेवायचा. घरी बायको त्याचा शर्ट धुवायला टाकताना थांबली.

"अहो, तुम्ही ओढायला लागलात का?"

"मी? जन्मात कधी हात लावलाय का?"

"मग याला वास कसला येतोय?"

तिनं शर्ट त्याच्या नाकाखाली धरला. वास येत होता. मास्तरांच्या त्याच पाकिटाचा, थोडा गोडसर. त्या दिवसापासून बायको त्याच्या बोटांकडे बघायला लागली.

आणि मग आजींचा फोन. या आजी एका जुन्या इमारतीत सातव्या मजल्यावर एकट्या राहायच्या आणि त्यांची लिफ्ट आठवड्यातून एकदा तरी अडकायची. त्यांना त्याचं काही वाटेनासं झालं होतं. लाल बटण दाबून त्या सरळ म्हणायच्या, "मोजणारे आहेत का?" मास्तरांचे फोन आता थंडोबाकडे येत होते. त्यानं सांगितलं की ते आता इथं नाहीत, मी मोजतो. आजी तयार झाल्या. एक, दोन, तीन. सातवर आल्यावर त्या थांबल्या.

"दोघांनी एकदम मोजू नका बाबा," त्या म्हणाल्या. "माझा गोंधळ होतो."

"दोघं कुठं आहोत आजी? मी एकटाच आहे."

"तुमच्या मागून मोजतायत ना ते. ते बरोबर मोजतायत, तुम्ही फार घाई करता."

थंडोबानं मागे वळून बघितलं. मागे कुणी नव्हतं. पलीकडच्या खुर्चीवरचा जण दुसऱ्या फोनवर पत्ता विचारत होता. बोर्डावर आजींची तीन मिनिटं झाली होती. थंडोबा पुन्हा मोजायला लागला, या वेळी सावकाश, आणि आजी समाधानानं मोजत राहिल्या. त्यालाच फक्त आपला आवाज ऐकवेना.

तीन आठवड्यांनी ऑफिसनं त्याला मास्तरांच्या घरी पाठवलं. काही कागदांवर सही हवी होती आणि ओळखीचं कुणी गेलेलं बरं, असं साहेबांना वाटलं. वहिनींनी दार उघडलं. त्या इतक्या वाळल्या होत्या की त्याला आधी वाटलं, त्यांची थोरली बहीण आलीय. मुलगी कॉलेजला गेली होती. स्वयंपाकघरात लहानसं टेबल होतं, तिथं त्यांनी त्याला बसवलं आणि चहा टाकला.

टेबलासमोर फ्रीज होता आणि फ्रीजच्या दारावर चिकटपट्टीनं लावलेल्या चिठ्ठ्या होत्या. सरळ रांगा, सहा-सहाच्या. सगळ्यांच्या तळाशी हसरा चेहरा. थंडोबाला ते माहीत नव्हतं. मास्तर चिठ्ठी खिशात घालतात आणि पुढे तिचं काहीतरी होतं, एवढंच त्यानं धरलं होतं.

"दर महिन्याला आणून द्यायचे," वहिनी म्हणाल्या. "मीच लावायची. आधी मी त्यांना सगळं आळणी करून घालत होते हो, त्यांच्या वडिलांना होतं ना प्रेशर. मग तीन-चार चिठ्ठ्या अशा आल्यावर मीच म्हटलं, कशाला त्या माणसाचे हाल करायचे. मिठाचा डबा परत खाली काढला. सिगारेटवरून भांडायला लागले की ते बोट करायचे फ्रीजकडे. मी गप्प. पुरावाच होता ना समोर."

थंडोबानं कप हातात घेतला, पण तो ओठांपर्यंत जाईना.

वहिनींनी शेवटच्या रांगेतली शेवटची चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. ऑफिसनं मास्तरांचं सामान एका खोक्यात भरून पाठवलं होतं. कप, चष्म्याची डबी, आणि कपाला चिकटलेली ही.

"वेळ बघा," त्या म्हणाल्या.

"बघितली."

"अकरा पाच. अकरा पाचला ते खाली मशीनपाशी उभे होते. चिठ्ठी टेबलावर ठेवून जिन्यात गेले म्हणजे अकरा दहा तरी झाले असतील. आणि साडेअकराला डॉक्टर म्हणतात पाऊण तास झाला. कसा होईल पाऊण तास? मी कितीदा मोजलं, भाऊजी. वीस मिनिटंसुद्धा होत नाहीत."

त्यानं कप परत बशीत ठेवला.

"मग डॉक्टर चुकले," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी खाली गेला होता. "मी आले तेव्हा त्यांचा हात धरला होता. गरम होता. मी म्हटलंसुद्धा, हात गरम आहे. सगळे म्हणाले, असतो. तुम्हीही होतात तिथं. मी सही केली. कुणाला म्हटलं नाही की थांबा, पुन्हा बघा, दुसरा डॉक्टर बोलवा. संध्याकाळी त्यांना नेलं. भाऊजी, मी त्यांना जिवंत तर नेऊ दिलं नाही ना?"

याला उत्तर एका वाक्याचं होतं. तो हात माझा होता, वहिनी. एवढं म्हटलं की त्या बाईच्या छातीवरचा धोंडा उतरणार होता. पण तो उतरून कुणाच्या छातीवर बसणार, तेही थंडोबाला स्वच्छ दिसत होतं. मिठाचा डबा त्यानं परत खाली काढला होता. सिगारेटवरची भांडणं त्यानं गप्प केली होती. एकतीस महिने या फ्रीजवर तो खोटं लिहीत होता आणि ही बाई ते रोज वाचत होती. शिवाय नोकरी होतीच. दुसऱ्याच्या कार्डावर हात घालणं म्हणजे सरळ हकालपट्टी.

"डॉक्टर असे चुकत नसतात," तो म्हणाला, आणि कागद उचलून निघाला. वहिनी दारात उभ्या राहिल्या. जिना उतरताना त्याच्या मागून सिगारेटचा वास येत होता आणि कुणीतरी पायऱ्या मोजत होतं. त्यानं मागे वळून बघितलं नाही.

पुढचे आठ दिवस त्यानं स्वतःला पुष्कळ समजावलं. की वहिनींचं दुःख ताजं आहे, काळानं कमी होईल. की आता सांगून मास्तर काही परत येणार नाहीत. की मास्तरांनीच तर मागितला होता हात. शेवटचं त्यानं मनात म्हटलं त्या दिवशी दंड इतका आवळला की हेडफोन काढून त्याला बाथरूममध्ये जावं लागलं. आरशात बघून तो म्हणाला, "मास्तर, पुरे आता. सांगा काय हवंय." मास्तर जिवंत असतानाही कुणाकडून काही मागायचे नाहीत. त्या एका हातापलीकडे त्यांनी काही मागितलं नव्हतं, आणि तोही थंडोबानं न मागताच पुढे केला होता. हे त्याला तिथं आरशासमोर आठवलं.

दुसरा सोमवार आला. तळमजल्यावर रांग होती. थंडोबाला कुणीतरी चिडवलं, "या, आमचे सरकारी हात." त्यानं स्वतःचं कार्ड लावलं, नळीत हात घातला. पट्टा आवळला, आवळत गेला. थांबेना. बोटं जड झाली, कानात ठोके ऐकू यायला लागले, आणि त्या ठोक्यांच्या तालावर कुणीतरी सावकाश मोजत होतं, अठरा, एकोणीस, वीस, आणि पुन्हा एकपासून. मग पट्टा सुटला आणि चिठ्ठी बाहेर आली.

एकशेचौऱ्याऐंशी. एकशेबारा.

हा आकडा त्यानं आयुष्यात एकदाच बघितला होता, फाडण्याआधी. तो जगात फक्त दोघांना माहीत होता आणि त्यातला एक गेला होता. खाली नाव मात्र थंडोबाचं होतं. हसरा चेहरा नव्हता.

"अरे, हे काय?" मागचा जण खांद्यावरून वाकून म्हणाला. तोही धडधाकटांपैकी होता. "मशीन बिघडलंय. नाहीतर तू आणि एवढं? थांब, कार्ड दे. दहा मिनिटांच्या आत परत होतं. दे इकडे, दोन मिनिटांचं काम आहे." आणि त्यानं बाही वर करायला सुरुवातसुद्धा केली. तो मोकळ्या मनाचा माणूस होता. बरोबर असाच एक माणूस एकतीस महिन्यांपूर्वी याच जागी उभा होता.

"नको," थंडोबा म्हणाला.

"अरे, स्टोअरमध्ये टाकतील."

"टाकू दे. तू कुणालाच देऊ नको हात. घाल खिशात."

तो जण खुळ्यासारखा बघत राहिला. थंडोबानं चिठ्ठी घडी घालून खिशात ठेवली. पाळी संपल्यावर तो घरी गेला नाही, सरळ वहिनींकडे गेला.

त्यांनी त्याला पुन्हा त्याच टेबलापाशी बसवलं. या वेळी त्यानं चहा नको म्हटलं. फ्रीजकडे बोट केलं आणि सांगितलं. या सगळ्या माझ्या आहेत, वहिनी. पहिलीपासून शेवटचीपर्यंत. अकरा पाचला खाली मशीनपाशी मी होतो. मास्तर तेव्हा जिन्यात होते, आणि डॉक्टर म्हणाले ते बरोबर होतं. दहा छत्तीसला ते जिन्यात गेले आणि तिथून उठलेच नाहीत. तो सांगत असताना वहिनींनी टेबलाची कड धरली होती. मध्ये एकदा भांड्यांच्या रॅकवरून चमचा पडला, तो कुणी उचलला नाही.

"कोणता हात?" त्यांनी विचारलं.

त्यानं डावी बाही वर केली. वहिनींनी त्याचं मनगट धरलं, अंगठा नाडीवर ठेवला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मोजायला लागल्या. ओठांतल्या ओठांत, सावकाश, मास्तर मोजायचे तसंच. घरात वीस वर्षं ऐकून त्यांना ती लय लागली असणार. एक मिनिट पूर्ण झालं.

"शहाण्णव," त्या म्हणाल्या. मनगट त्यांनी सोडलं नाही. "म्हणजे ते तेव्हाच गेले होते."

"हो."

"मी धरला तो हात—"

"एवढ्यात गार होत नाही वहिनी. खरंच होत नाही. मी डॉक्टरांना विचारून घेतलंय."

तेव्हा त्या रडल्या. चार-पाच आठवडे ज्याला बंदी होती ते रडणं होतं. थंडोबा खाली मान घालून बसून राहिला. त्यालाही रडू येत होतं, पण इथं आपला तेवढा अधिकार नाही असं त्याला वाटलं. मग त्यांनी तोंड धुतलं, पदरानं पुसलं आणि फ्रीजपाशी गेल्या. एकेक चिठ्ठी सोडवायला लागल्या. चिकटपट्टी जुनी झाली होती, काही ठिकाणी दाराचा रंग निघाला.

"त्यांचा खरा आकडा किती होता?"

थंडोबानं खिशातली घडी काढून टेबलावर उलगडली. "हा. पहिल्या दिवशी हाच आला होता. आज सकाळी माझा आला."

वहिनींनी तो आकडा वाचला, मग नाव वाचलं. एकतीस चिठ्ठ्यांचा गठ्ठा करून त्यांनी त्याच्यासमोर ठेवला आणि त्यावर ती बत्तिसावी ठेवली.

"घेऊन जा. माझ्याकडे त्यांचा एकही आकडा नव्हता, हे मला आज कळलं. तुमचे ठेवून मी काय करू? ही वरची तुमच्या घरी फ्रीजवर लावा. तुमच्या बायकोला दिसू दे. ती करील काय करायचं ते. मलाही करता आलं असतं."

"वहिनी, मी—"

"आता जा भाऊजी. मला तुमच्यावर चिडायचंय. तुमच्यासमोर ते जमणार नाही."

तो गेला. घरी बायको स्वयंपाक करत होती. त्यानं ती चिठ्ठी फ्रीजला लावली आणि तिथंच उभा राहिला. बायकोनं हात पुसत येऊन वाचली, दोनदा वाचली.

"हा तुमचा?"

"माझाच."

तिनं गॅस बंद केला, खुर्ची ओढून त्याला बसवलं आणि डॉक्टरांचा नंबर शोधायला लागली.

दुसऱ्या दिवशी ती चिठ्ठी फ्रीजवरून काढून त्यानं साहेबांच्या टेबलावर ठेवली, आणि खाली आणखी एकतीस ठेवल्या. साहेबांना सगळं सांगितलं. साहेब पहिल्यांदाच काही बोलले, आणि पुष्कळ बोलले. पण चौकशी लावायची तर आणखी किती हात बाहेर येतील याचा त्यांनाही अंदाज असावा, कारण शेवटी एवढंच ठरलं की थंडोबा उद्यापासून तळघरात. आजची पाळी त्यानं पूर्ण करायची, माणूस कमी होता.

दुपारी आजींची लिफ्ट अडकली.

"मोजणारे आहेत का?"

"आहे आजी. म्हणा, एक."

एक, दोन, तीन. तो घाई करत नव्हता. अकरा पाच केव्हाच होऊन गेले होते आणि दंड आवळला नव्हता, हे त्याच्या आता लक्षात आलं. शर्टाला साबणाचा वास येत होता. चार, पाच, सहा. सातवर आजी थांबल्या.

"आज तुमच्या मागचे ते नाहीत वाटतं?"

थंडोबानं कान देऊन ऐकलं. फोनच्या तारेत नुसती खरखर होती. एवढे दिवस ज्याच्या भीतीनं त्याला आपला आवाज नकोसा झाला होता, तो आवाज आज कुठंच नव्हता, आणि शेजारची मास्तरांची खुर्ची एकदम फार रिकामी दिसायला लागली.

"नाहीत," तो म्हणाला. "आठ म्हणा, आजी."